डिमेन्शिया असलेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी सामूहिक व्यायामवर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचा हॉल, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, महापालिकेचं विरंगुळा केंद्र किंवा देवळाचा सभामंडप अशा ठिकाणी आठवड्यातून दोन-तीनदा भरणाऱ्या वर्गांबद्दल हे प्रश्न आहेत. अशा वर्गाला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेली व्यक्ती आणि घरचं माणूस असे दोघंही येतात. वर्गाला यायचा विचार करणाऱ्या कुटुंबांना आणि वर्ग सुरू करू पाहणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल अशी ही उत्तरं आहेत.

व्यायामाने विसरणं कमी होतं का?

डिमेन्शिया सुरू झाल्यानंतर व्यायामाने गेलेली स्मृती परत येत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तीन महिन्यांनी घरचे निराश होऊन वर्ग सोडतात.

इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शिया असलेल्या ४९४ जणांवर 'डापा' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चार महिने बऱ्यापैकी दमवणारा व्यायाम करून या लोकांची शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण काही मंदावली नाही. दुसरीकडे फिनलंडमध्ये अल्झायमर या प्रकारचा डिमेन्शिया असलेल्या २१० जणांचा, त्यांच्या जोडीदारासह, अभ्यास झाला (२०१३). व्यायाम आठवड्यातून दोनदा, वर्षभर. रोजची कामं स्वतः करण्याची क्षमता सगळ्यांचीच घटली, पण घरी येऊन व्यायाम करून घेतलेल्यांची सर्वांत हळू घटली, आणि व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण कमी राहिलं.

म्हणून 'अमुक आसनांनी स्मृती परत' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

मग यायचं कशासाठी?

खुर्चीतून स्वतः उठता यावं, संडासापर्यंत चालत जाता यावं, अंघोळीच्या वेळी एक पाय उचलून उभं राहता यावं, यासाठी. या तीन गोष्टी जोवर जमतात तोवर घरचं माणूस एकट्याने सांभाळू शकतं. त्या गेल्या की उचलाउचली सुरू होते, दुसरं माणूस ठेवावं लागतं, आणि सांभाळणाऱ्याची कंबर धरते. मांडीचे स्नायू आणि तोल हे दोन्ही वापरात राहिले तरच टिकतात. डिमेन्शियात माणूस हळूहळू बसून राहू लागतो, 'पडतील' या भीतीने घरचेही बसवून ठेवतात, आणि बसून राहिल्यामुळेच पडण्याची शक्यता वाढत जाते.

दिवसा शरीर हललं तर रात्रीची झोप आणि बद्धकोष्ठ यांतही पुष्कळांना फरक पडतो.

सांभाळणाऱ्याने व्यायाम करायचा, की फक्त आणायचं-न्यायचं?

करायचा. इथे तडजोड नको. मागच्या बाकावर बसून मोबाईल बघणाऱ्या घरच्यांचा वर्ग आणि दोघांनाही सदस्य मानणारा वर्ग यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डिमेन्शियात तोंडी सूचनेपेक्षा शेजारच्याचं बघून करणं सोपं जातं. शेजारी ओळखीचं माणूस हात वर करत असेल तर आपलाही हात वर जातो.

दुसरं कारण सांभाळणाऱ्याचं स्वतःचं. सत्तरीतली बायको पंच्याहत्तरीतल्या नवऱ्याला सांभाळते, तेव्हा गुडघे तिचेही दुखत असतात आणि बीपीची गोळी तिलाही असते. तिचं फिरणं बंद झालेलं असतं, कारण त्यांना एकटं सोडता येत नाही. पन्नाशीतल्या मुला-मुलींसाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाला कारणीभूत ठरणारे, पण बदलता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत शारीरिक निष्क्रियता आहे. त्या वयात व्यायामाचा फायदा मेंदूलाही आहे.

दर सत्राच्या शेवटी पंधरा मिनिटं सांभाळणाऱ्यांना वेगळी मिळावीत, अशी वर्गाची रचना असावी. त्या वेळात सदस्यांना स्वयंसेवक सांभाळतात आणि घरचे एका कोपऱ्यात चहा घेत बोलतात. डायपर कुठला बरा, रात्री दाराला कडी कशी लावायची, दिवाणी कागदपत्रांचं काय करायचं, ही माहिती याच पंधरा मिनिटांत हातोहात मिळते. काही जण व्यायामापेक्षा यासाठीच येतात. येऊ द्यावं.

घरचं कोणी येऊ शकत नाही. ब्युरोची मावशी किंवा अटेंडंट चालेल?

चालेल, पण रोज तेच माणूस हवं. दर आठवड्याला नवा चेहरा असेल तर सदस्य घाबरतात आणि व्यायाम होत नाही. मावशींनाही व्यायामात उभं करावं, नावाने हाक मारावी, उठवण्या-बसवण्याची पद्धत नीट शिकवावी. उचलण्याचा भार दिवसभर त्यांच्याच अंगावर असतो. महिन्यातून एकदा तरी घरच्यांपैकी कोणी यावं, म्हणजे वर्गात शिकलेलं घरात पोचतं.

कोणत्या टप्प्यावरच्या व्यक्ती येऊ शकतात?

सौम्य आणि मध्यम टप्प्यावरच्या व्यक्ती, म्हणजे आधार घेऊन किंवा न घेता काही पावलं चालू शकणाऱ्या आणि दाखवलेली साधी हालचाल करू शकणाऱ्या. व्हीलचेअरवरच्यांनाही बसून करायच्या भागात घेता येतं. आजाराचा प्रकार मात्र प्रशिक्षकाला माहीत असायला हवा :

- अल्झायमर : सुरुवातीला चालणं-उठणं चांगलं असतं. अडचण सूचना लक्षात राहण्याची.
- लकव्यानंतरचा किंवा रक्तवाहिन्यांशी संबंधित डिमेन्शिया : एक बाजू कमजोर असू शकते. आधार कोणत्या बाजूने द्यायचा ते आधी ठरवावं.
- लेवी बॉडी आणि पार्किन्सन : उठल्याबरोबर बीपी पडतं, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, आणि आज जमलेलं उद्या जमत नाही. 'मुद्दाम करतात' असं घरच्यांना वाटतं, पण हे चढउतार आजाराचेच.
- फ्रंटोटेम्पोरल : तुलनेने कमी वयात येतो. ताकद भरपूर, धीर कमी. अशा सदस्याजवळ एक स्वयंसेवक कायम लागतो.

ताप, जुलाब, रात्रभर जागरण किंवा अचानक वाढलेला गोंधळ असेल त्या दिवशी आणू नये. एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ हा डिमेन्शियाचा पुढचा टप्पा नसतो. बहुतेक वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ किंवा नवीन औषध यांपैकी काहीतरी मुळाशी निघतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

वर्ग सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं?

नुसतं 'व्यायाम चालेल का' विचारलं की 'चालेल, हलका करा' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. हृदयाचा काही त्रास आहे का, हाडं ठिसूळ आहेत का, मणक्याचं जुनं फ्रॅक्चर आहे का, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, आणि औषधांपैकी कशामुळे चक्कर येऊ शकते?

डिमेन्शियासाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिल या औषधाने काहींची नाडी मंदावते. नाडी ५० च्या खाली असेल किंवा भोवळ आली असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. बीटा-ब्लॉकर गटातल्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमाने फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळात नाडी बघून व्यायाम किती दमवणारा आहे ते ठरवू नका. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी नऊपर्यंत राहत असेल तर वर्ग अकराचा निवडा.

पहिल्या दिवशी बीपी बसून घ्यावं, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावं आणि तोवर व्यायाम बसूनच द्यावा. बसलेलं बीपी १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही.

मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवणारी गोळी चालू असेल तर नाश्ता केल्याशिवाय येऊ नये. साखर उतरल्याची लक्षणं, म्हणजे घाम, चिडचिड, गोंधळ, डिमेन्शियाची म्हणून सहज दुर्लक्षित होतात. हॉलमध्ये ग्लुकोमीटर आणि साखर हाताशी हवी.

घरातून निघायलाच तयार होत नाहीत. काय करायचं?

'व्यायामाला जायचंय' हे वाक्य सोडून द्या. 'डिमेन्शियाच्या वर्गाला' तर नकोच. 'चला, चहाला जाऊ', 'भजनाला बोलावलंय', 'देशपांडे काका वाट बघतायत' अशी वाक्यं जास्त चालतात. ती खोटीही नसतात, कारण तिथे चहाही असतो आणि काकाही.

कपडे बदलणं, संडास, चपला शोधणं, लिफ्टची वाट बघणं, या सगळ्याला घाई केली की नकार येतो. निघण्याच्या तासभर आधी तयारी सुरू करा. एका वेळी एकच कपडा हातात द्या. सांगण्याऐवजी दाराशी उभं राहून हात पुढे करा. एकदा नाही म्हटलं तर वाद न घालता दहा मिनिटांनी पुन्हा नव्याने विचारा. आधीचा नकार त्यांच्या लक्षात असेलच असं नाही, आणि इथे विसरणं आपल्या पथ्यावर पडतं.

पहिल्या तीन-चार वेळा नुसतं बसून बघितलं तरी चालतं. वार आणि वेळ बदलू नका. साधारण साडेदहा ते बारा ही वेळ बरी. संध्याकाळी पुष्कळांची बेचैनी वाढते, 'घरी जायचंय' सुरू होतं, तेव्हा वर्ग ठेवण्यात अर्थ नाही.

कपडे आणि पादत्राणं कशी हवीत?

साडी नेसायची सवय असेल तर बळेच पंजाबी ड्रेस घालू नका. फक्त साडी घोट्याच्या वर नेसवा आणि पदर खोचून घ्या. निऱ्या पायात येऊन पडणं हे नेहमीचं आहे. लेंगा किंवा पायजमा लांब असेल तर तोही आखूड करून घ्या. रबरी स्लिपर नकोत, मागे पट्टा असलेली सॅंडल किंवा बूट हवेत. नुसते मोजे घालून टाइल्सवर चालणं सर्वांत वाईट. सभामंडपात चपला काढाव्या लागत असतील तर अनवाणी चालेल, पण मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असलेल्यांनी आतल्या वापरासाठी स्वच्छ बूट वेगळे ठेवावेत. चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नका. श्रवणयंत्राशिवाय आलेला सदस्य सूचना ऐकू न आल्यामुळे गप्प बसतो, आणि सगळे त्याला 'आजार वाढला' म्हणतात.

हॉल कसा असावा?

तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेला, संडास जवळ, एकच ये-जा करायचं दार. उरलेली दारं बंद ठेवून त्यांवर पडदा ओढावा, कारण दार दिसलं की उठून जावंसं वाटतं. भिंतीवर मोठा आरसा असेल तर झाका. आरशातला माणूस कोणी परका आहे असं वाटून काही जण बिथरतात. दाराशी काळं पायपुसणं असेल तर उचला. डिमेन्शियात खोलीचा अंदाज चुकतो, काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसतो, आणि माणूस तिथे थबकतो किंवा उडी मारायला जातो. सतरंजीही नको. तिच्या घडीत पाय अडकतो.

खुर्ची हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. मांडववाल्याकडच्या बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्या वापरू नयेत. गुळगुळीत फरशीवर वजन एका बाजूला गेलं की त्यांचे पाय फाकतात. हात असलेली, लाकडी किंवा लोखंडी, बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच अशी खुर्ची हवी. पाठ भिंतीला टेकवून ठेवली म्हणजे मागे सरकत नाही. खुर्च्या अर्धवर्तुळात, दोन खुर्च्यांत हात पसरता येतील एवढं अंतर, आणि सांभाळणाऱ्याची खुर्ची शेजारीच.

पंखे चालू, टीव्ही बंद, शेजारच्या खोलीत मिक्सर नको. एका वेळी एकच आवाज असावा.

दीड तासात नेमकं काय करतात?

वेळ सैल ठेवावी, क्रम मात्र दर वेळी तोच. क्रम अंगवळणी पडला की पुढचं काय ते सांगावं लागत नाही.

आल्यावर दहा मिनिटं नमस्कार आणि नावं. प्रत्येकाला ज्या नावाची सवय आहे त्याच नावाने हाक मारावी, कोणी 'नाना', कोणी 'माई', निवृत्त शिक्षिका असतील तर 'बाई'. मग दहा मिनिटं बसून सैलावणं : खांदे वर-खाली, टाचा-चवडे, मनगटं, मान फक्त डावी-उजवीकडे. मान गोल फिरवू नये, चक्कर येते.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं ताकदीची. खुर्चीतून उठणं-बसणं ५ ते ८ वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तेवढंच. बसून एकेक गुडघा सरळ करणं, प्रत्येकी ८ ते १०. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन कोपर वाकवणं. भरलेली बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो, डंबेल विकत आणायची गरज नाही. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणं, १० वेळा. श्वास रोखू न देणं महत्त्वाचं, त्यासाठी सगळ्यांनी मोठ्याने आकडे म्हणावेत.

मग दहा मिनिटं तोल : खुर्ची धरून पाय जवळ घेऊन दहा सेकंद उभं राहणं, नंतर एक पाय अर्धा पुढे, नंतर जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्टीवरून बाजूला पावलं टाकणं. इथे प्रत्येकाजवळ एक माणूस हवा, हाताच्या अंतरावर. चालता-चालता गप्पा मारू नका. बोलायला थांबावं लागतं अशा व्यक्तीची चालणं आणि बोलणं एकदम सांभाळण्याची क्षमता कमी झालेली असते, आणि तिचा पडण्याचा धोका जास्त असतो.

शेवटी दहा-पंधरा मिनिटं चेंडू आणि वारीतली पावली, मग सैलावणं, आणि चहा. चेंडू स्पंजचा घ्या. फुगा फुटला की अर्धा वर्ग दचकतो.

दमणं किती असावं? वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. जागतिक आरोग्य संघटनेची ६५ वर्षांपुढच्यांसाठीची शिफारस आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, त्यात तीन दिवस तोल आणि ताकद, अशी आहे. बरीच वर्षं बसून असलेल्या व्यक्तीने पहिल्या महिन्यात त्याच्या निम्मं केलं तरी पुरे.

खुर्चीतून उठवण्याची योग्य पद्धत कोणती?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. घरचे समोर उभे राहून दोन्ही हात धरून ओढतात, किंवा काखेत हात घालून उचलतात. ओढल्यावर माणूस घाबरून मागे रेलतो, मग आणखी जोर लावावा लागतो, आणि कधी खांदा निखळतो तर कधी उचलणाऱ्याची पाठ भरते.

समोर नको, बाजूला आणि किंचित पुढे उभं राहा. आधी त्यांना बैठकीच्या कडेला सरकू द्या, एकेक ढुंगण पुढे घेत. मग पाय मागे : टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन्ही पावलांत थोडं अंतर. हात खुर्चीच्या हातांवर. आता पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं. हे वाकणं राहून गेलं की उठणं होतच नाही. 'पुढे वाका' समजत नसेल तर समोर गुडघ्याच्या उंचीवर हात धरून 'माझ्या हाताला शिवा' म्हणा. 'एक, दोन, तीन' आणि उठा. तुमचा एक हात त्यांच्या कमरेमागे, फक्त दिशा द्यायला. उठल्यावर लगेच चालू नका, मनात दहा मोजा, म्हणजे चक्कर येणार असेल तर खुर्ची मागेच असते.

बसवताना दोन्ही पोटऱ्यांना खुर्ची लागली याची खात्री करून मगच खाली. अर्धवट वळून खुर्चीत कोसळणं हे मणक्याला फार महागात पडतं.

सूचना कशा द्यायच्या?

एका वेळी एक. छोटं वाक्य, मग थांबा. पाच ते दहा सेकंद. एवढा वेळ गप्प राहणं प्रशिक्षकाला अवघड जातं, आणि तो तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देतो. ऐकणाऱ्याला ती दुसरी सूचना वाटते आणि पहिलीही निसटते. पुन्हा सांगायचं तर तेच शब्द.

डावा-उजवा म्हणू नका, 'खिडकीकडचा पाय', 'घड्याळ असलेला हात' म्हणा. समोर उभं राहून करून दाखवताना त्यांच्या आरशासारखं करा. 'आठवतंय का, मागच्या वेळी केलं होतं?' हा प्रश्न वर्गात कोणीच विचारू नये. 'असं नाही हो' हेही नको. हात उलटा वर गेला तरी हालला ना, पुढे चला.

पावली आणि फुगडी कशासाठी? गाणी लावलेली चालतात का?

अंगवळणी पडलेल्या हालचालींची आठवण घटना-नावांच्या आठवणीपेक्षा मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असते आणि बरीच उशिरापर्यंत टिकते. नातवाचं नाव न सांगता येणारी आजी टाळ हातात दिला की बरोबर ठेक्यात वाजवते. वारीला गेलेल्यांना पावली शिकवावी लागत नाही. 'ज्ञानोबा-तुकाराम' सुरू झालं की पाय आपोआप पडतात, आणि पुढे-मागे वजन टाकण्याचा याहून चांगला व्यायाम नाही. मंगळागौर खेळलेल्यांना बसून टाळ्यांचे प्रकार द्या. लेझीम शाळेत खेळलेलेही पुष्कळ निघतात. फुगडीत गिरकी घेऊ नका, हात धरून नुसतं डावीकडे-उजवीकडे झुलायचं.

प्रत्येकाची चाल वेगळी. सगळ्यांना वारीच आवडेल असं धरू नका. कोणाला चर्चमधली गाणी, कोणाला कव्वाली, कोणाला जुनी हिंदी गाणी. घरच्यांकडून ही माहिती पहिल्याच दिवशी लिहून घ्या. व्यायामाच्या सूचना चालू असताना गाणं बंद.

योगासनं, प्राणायाम, हास्यक्लब यांचं काय?

खुर्चीवरची आसनं उत्तम. जमिनीवरची नकोत, कारण प्रश्न आसनाचा नसून जमिनीवरून उठण्याचा आहे. डोकं खाली जाणारी आसनं आणि डोळे मिटून उभं राहणं टाळा. सावकाश दीर्घश्वसन चालेल. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांना देऊ नये, आणि या वयात ते बहुतेकांना असतंच.

हास्यक्लबची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईतच झाली आणि ज्येष्ठांमध्ये त्यांची गोडी आहे. पण कारण नसताना वीस माणसं एकदम मोठ्याने हसू लागली की डिमेन्शिया असलेल्या माणसाला आपल्यालाच हसतात असंही वाटू शकतं. आधी दुरून दाखवा.

मध्येच चिडले, उठून चालू लागले तर?

अडवून बसवू नका. एकाने शेजारून चालत राहावं, हॉलची एक फेरी घालून पुन्हा खुर्चीपाशी आणावं. आधी कारण शोधा : लघवी लागली आहे, गुडघा दुखतोय, आवाज फार आहे, की भूक लागली? दुखतंय हे शब्दांत सांगता येत नाही तेव्हा ते कपाळावरच्या आठ्या, दात आवळणं, कण्हणं किंवा एखादा भाग हाताने धरून ठेवणं यांतून दिसतं. बऱ्याचदा 'व्यायामाचा कंटाळा' हा गुडघ्याचा असतो.

प्रत्येकाच्या खिशात घरच्यांचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेलं कार्ड असावं, आणि दाराशी एक स्वयंसेवक संपूर्ण वेळ.

खायला-प्यायला काय ठेवायचं?

आल्याबरोबर आणि मध्ये अर्धा-अर्धा ग्लास पाणी. तहान सांगितली जात नाही, म्हणून हातात ग्लास द्यावा लागतो. खाणं व्यायाम संपल्यावर, बसून. चिवडा, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू असं कोरडं, भुरभुरणारं नको, ते घशात अडकतं. पिकलेलं केळं, मऊ उपमा, चहात भिजवलेलं बिस्किट बरं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर त्या व्यक्तीचं सगळं खाणंपिणं घरच्यांच्या सल्ल्यानेच, आणि गिळण्याची तपासणी करून घ्यायला सांगा.

वर्गात कोणी पडलं तर?

लगेच उचलू नका. बाकीच्यांना बसवा. शुद्ध हरपली आहे का, डोकं आपटलं का, कुठे दुखतंय, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का ते बघा. यांपैकी काही असेल, छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर हलवू नका आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात न्यावंच.

काही झालेलं नसेल तर आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, समोर खुर्ची ठेवून तिच्यावर हात, एक पाऊल पुढे, आणि मागून दुसरी खुर्ची सरकवायची. वजन त्यांचं त्यांनी उचलायचं. पडणं वहीत लिहावं : वेळ, जागा, पायात काय होतं. चार नोंदी झाल्या की कारण बहुधा आपोआप दिसतं.

फायदा होतोय हे कसं कळणार?

स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण बघू नका. पहिल्या दिवशी आणि मग दर तीन महिन्यांनी दोन गोष्टी मोजा. हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा उठबस होते ते एक. दुसरी, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ती. १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरून घरात दांडे, रात्रीचा दिवा यांची सोय करा. आकडा तीन महिन्यांनी तेवढाच राहिला तर तो या आजारात चांगला निकाल आहे. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

वर्ग नसतो त्या दिवशी घरी काय करायचं?

वेगळा 'व्यायामाचा तास' घरात टिकत नाही. रोजच्या कामांना जोडा. जेवायला बसताना तीनदा उठबस, ओटा धरून चहा उकळेपर्यंत टाचा उचलणं, कपडे दोरीवर टाकणं, मटार सोलणं, जिन्याचा एक टप्पा. पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर नको, पॅसेजमध्ये फेऱ्या. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत.

नवीन वर्ग सुरू करायला काय लागेल?

दहा-बारा जोड्या, त्याहून जास्त नकोत. एक फिजिओथेरपिस्ट, निदान पहिले तीन महिने प्रत्येक सत्राला आणि नंतर महिन्यातून एकदा तपासणीला. तीन-चार स्वयंसेवक, त्यातला एक दाराशी आणि एक संडासापाशी. संडासाला आतून कडी नको, बाहेरून उघडता येईल अशी व्यवस्था हवी. सामान फार नाही : हाताच्या खुर्च्या, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, स्पंजचे चेंडू, टाळ, रंगीत चिकटपट्टी, प्रथमोपचार पेटी, वही.

जागेसाठी आधी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाला विचारा. महाराष्ट्रातले पुष्कळ संघ 'फेस्कॉम' या महासंघाला जोडलेले आहेत. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजेच 'आर्डसी', १९९२ पासून या क्षेत्रात आहे, स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाबद्दल तिच्याकडे चौकशी करता येते. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, तेव्हा एका प्रभागात दहा जोड्या मिळणं अवघड नाही. घराबाहेर येणं अवघड असतं, त्यामुळे पत्रक वाटण्यापेक्षा फॅमिली डॉक्टर आणि औषधाचं दुकान यांना सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं.

चालणंच बंद झालं की वर्गही बंद?

उभं राहायचा भाग बंद. बसून चेंडू, टाळ, हात-पाय हलवणं चालू ठेवता येतं, जोवर दीड तास खुर्चीत बसवतं आणि प्रवास सोसतो. तो सोसेनासा झाला की फिजिओथेरपिस्टने एकदा घरी जाऊन अंथरुणात कूस बदलणं आणि सांधे आखडू नयेत म्हणून करायच्या हालचाली शिकवाव्यात. सांभाळणारी व्यक्ती मात्र वर्गाला येत राहू शकते, तेवढा वेळ घरी कोणीतरी बसेल याची सोय वर्गातल्याच लोकांनी आपसांत करावी. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजना आणि मदतीची माहिती 'एल्डरलाइन'च्या १४५६७ या क्रमांकावर मिळते. सांभाळणाऱ्याला स्वतःलाच झोप लागत नसेल, रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.